कळसूबाई : निघण्याआधीचा हिशेब

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न, कुठे जायचे? नातेवाइकांकडे तर आपण जातोच. या वेळी मुलांना महाराष्ट्राचे सर्वात उंच शिखर दाखवावे, असे आम्ही सुचवतो. कळसूबाई, उंची १६४६ मीटर. स्कॉटलंडच्या हायलँड्समधले प्रसिद्ध बेन नेव्हिस १३४५ मीटर आहे. म्हणजे आपली कळसूबाई त्याहून ३०० मीटरने उंच!

शिखर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ आहे. पायथ्याचे गाव बारी. सोलापूरहून अंतर ३०० किलोमीटरहून अधिक, म्हणून आदला दिवस प्रवासाचा धरावा आणि रात्र पायथ्याशी काढावी. रेल्वेने जायचे तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याण, तिथून लोकलने कसारा व पुढे जीप. या अंतरावर आपण मुसाफिर ठरतो. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोनच पढायच्या, हे मुलांना निघण्याआधीच सांगावे. पुस्तकातला धडा प्रवासात पक्का होतो.

बारीपासून चढ सुमारे आठशे-नऊशे मीटर, म्हणजे जवळपास ३०० मजले. सोलापूर सपाट गाव, आपल्या पायांना चढाची सवय नाही. म्हणून महिनाभर आधी रोज फजरनंतर अर्धा-पाऊण तास झपझप चालावे आणि इमारतीचे जिने चढावे-उतरावे. गुडघेदुखी, दमा, रक्तदाब असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पावसाळ्यात धुके असते, लोखंडी शिड्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात सावली कमी. कुटुंबासाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी बरा. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात, म्हणून सुट्टीतला मधला वार निवडावा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. वर सोलापूरपेक्षा सात-आठ अंश थंड, शिवाय वारा. प्रत्येकाकडे स्वेटर हवाच.

सामान थोडे असावे. माणशी तीन लिटर पाणी, खजूर, गूळ, कडक भाकरी आणि आपली शेंगाचटणी. ही शिदोरी खराब होत नाही. चांगली पकड असलेले बूट, टॉर्च, ओआरएस, पट्टी. वजूचे पाणी वेगळे धरावे.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ घरांत मुलगे वर जातात आणि आई व मुली पायथ्याशी पिशव्या राखत बसतात. हजरत खदीजा (रजि.) प्रेषितांसाठी (स.) शिदोरी घेऊन हिरा गुहेकडे डोंगर चढून जात, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग आपल्या मुलींनी खाली का बसावे? अडचण पडद्याची नाही, कपड्याच्या घोळाची आहे. शिडीवर बुरख्याचा घोळ पायात येतो. गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, सलवार आणि पिनेने बसवलेला स्कार्फ यांत पडदाही राहतो, पायही मोकळे राहतात.

वर कळसूबाईचे मंदिर आहे. ती गावकऱ्यांच्या श्रद्धेची जागा. तिथे आदराने वागावे, नमाज बाजूला मोकळ्या जागी पढावी, कचरा परत आणावा. शक्य तर जेवण बारीतल्याच घरी सांगावे. त्यांना चार पैसे मिळतात. जेवण काय हवे, ते आधीच स्पष्ट बोलावे.

फजर पढून उजाडताच निघावे. चढायला तीन-चार तास, उतरायला दोन-तीन. परतीची वेळ घरीच ठरवावी : बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, शिखर समोर दिसत असले तरी. कोणी दमले तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, हेही आधी ठरवावे. एकट्याला मागे ठेवू नये आणि परतणाऱ्याला हसू नये. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, इन्शाअल्लाह. सगळे मगरिबच्या आत सुखरूप खाली आले, की सहल पार पडली असे समजावे.