हृदय जपायचे तर ताटात चोथा हवा

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत हृदयविकाराचा विषय निघाला की आपण तेल आणि मटणावर बोलतो. भाकरीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. धान्य-डाळींतला जो चोथा आपल्याला पचत नाही, ते त्यांचे अन्न. अशा चोथ्याने कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की मांसातल्या कार्निटिनपासून काही जिवाणू एक पदार्थ बनवतात. तो यकृतात बदलून रक्तवाहिन्यांना घातक ठरू शकतो. नेहमी मांस खाणाऱ्यांत तो जास्त तयार झाला, शाकाहाऱ्यांत कमी. म्हणजे रोजचे जेवण जिवाणूंची सवय घडवते. पण याचा आधार घेऊन कोणी आपल्या ताटाला नावे ठेवू नयेत. मटण बेताने खा, सोबत भाजी, डाळ, भाकरी भरपूर घ्या.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात आणि पॉलिश तांदळात ३ ग्रॅमहून कमी. आपल्या आज्यांची कळण्याची भाकरी, ज्वारी आणि सालीचे उडीद एकत्र दळलेली, म्हणूनच मोलाची. तिच्या जागी पाव-बिस्कीट आले, कारण ज्वारी महाग आणि बाईला थापायला वेळ नाही. दोष बाईचा नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही आहे. मग रेशनवर ज्वारी मागणे हा आपला हक्क आहे. बायांनी मिळून तहसीलला अर्ज द्यावा. मात्र बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.