वाफेची गाडी आणि कुठेच न जाणारी नळी



या वेळी विषय लोणच्याचा नाही आणि पर्वाचाही नाही. आमच्या कळंब्याच्या घरात गेले पाच महिने जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला एक मोटार तयार होते आहे. एक फुटाच्या आतली, पितळ-तांब्याची, वाफेवर चालणाऱ्या जुन्या गाडीसारखी. नववीतला नातू आणि मी मिळून ती करतोय. आमचे हे उद्यमनगरात जन्मभर लेथवर उभे राहिलेले, ते तुकडे पुरवतात आणि लांबून सूचना करतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. असली गाडी मुलांनी जरूर करावी आणि घरातल्या बायकांनी "ते पोरांचं खूळ" म्हणून लांब न राहता तिच्यात हात घालावा. पण दोन अटींवर. तिच्यावरचं एकही चाक, एकही नळी नुसती शोभेला चिकटवलेली नको. आणि तिच्या बॉयलरखाली जाळ लावायचा नाही. दुसऱ्या अटीवरून आमच्या घरात बरीच वादावादी झाली, ती पुढे सांगते.

या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. पेट्रोल आणि वीज यांचं राज्य आलंच नसतं, जग वाफेवरच पुढे गेलं असतं, तर वस्तू कशा दिसल्या असत्या, अशी कल्पना करून केलेल्या गोष्टी, चित्रं, पोशाख आणि मॉडेलं. हे नाव के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये गमतीत सुचवलं. पण त्याच्या शंभर वर्षं आधीच ज्यूल व्हर्नने हे सगळं लिहून ठेवलं होतं. त्याची १८८० सालची एक कादंबरी तर आपल्याच देशात घडते. पोलादी हत्ती, पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, मागे चाकांवरची दोन घरं, आणि असा सगळा संसार घेऊन कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थानचा प्रवास. त्यातला खलनायक कोण, तर आपले नानासाहेब पेशवे! (हत्ती म्हटलं की आपल्या भागात सगळ्यांना नांदणी आठवते. तो विषय इथे नको, त्यावर बोलायला लागले तर गाडी बाजूलाच राहील.)

खरी वाफेची मोटारही होऊन गेली आहे. फ्रान्समध्ये क्युन्यो नावाच्या सैनिकी इंजिनिअरने १७७० च्या आसपास तीन चाकांची वाफेची गाडी चालवली. अमेरिकेत स्टॅनले नावाच्या जुळ्या भावांनी १८९७ पासून अशा मोटारी केल्या आणि विकल्या. १९०६ मध्ये त्यांच्या गाडीने ताशी २०५ किलोमीटरचा वेग गाठून जगाचा विक्रम केला. आपल्याकडे १८७० च्या दशकात क्रॉम्प्टन या इंग्रज अधिकाऱ्याने रबरी चाकांचं वाफेचं इंजिन रावळपिंडीकडच्या रस्त्यावर चालवून पाहिलं. कोल्हापुरात वाफ आली ती १८९१ मध्ये मिरजेहून, रुळांवरून. माझ्या लहानपणी त्या गाडीचा कोळसा डोळ्यात जायचा, हे नातवाला सांगितलं तर त्याला हेवा वाटतो.

आता माझी पहिली अट. बाजारात आणि मोबाइलवर स्टीमपंक म्हणून जे काही दिसतं, त्यात निम्म्या ठिकाणी घड्याळाची दातेरी चाकं नुसती चिकटवलेली असतात. टोपीवर चाक, चष्म्यावर चाक, गाडीच्या बॉनेटवर सहा चाकं. ती एकमेकांना भिडत नाहीत, फिरत नाहीत. मला ते बघून सस्पेन्स अकाउंट आठवतं. ताळा जुळत नाही म्हणून रक्कम तिथे टाकून द्यायची. मी बी. कॉम. झालेली बाई, मला प्रत्येक नावेला समोर जमा दिसली पाहिजे. एक नळी बॉयलरमधून निघाली, तर ती कुठे जाते? टाकीतून पाणी हातपंपाकडे, पंपातून बॉयलरमध्ये, बॉयलरमधून वाफ तोटीतून सिलिंडरकडे, काम झालेली वाफ चिमणीत. एवढा हिशोब लागला की गाडी आपोआप देखणी दिसते. नातवाने सुरुवातीला सहा चाकं लावून ठेवली होती. मी प्रत्येकावर बोट ठेवून "हे कोणाला फिरवतं?" एवढंच विचारत गेले. चार त्यानेच काढली.

गंमत म्हणजे खऱ्या स्टॅनले गाडीत दातेरी चाकं फारच थोडी होती. तिला गिअरबॉक्सच नव्हता. पेट्रोलचं इंजिन थांबलेल्या जागेवरून ओढू शकत नाही, म्हणून क्लच आणि गिअरचा सगळा प्रपंच. वाफेचं तसं नाही, गाडी जागेवर उभी असतानाही वाफ पिस्टनला पूर्ण जोराने ढकलते. त्यामुळे इंजिनाचं एक चाक मागच्या आसाच्या चाकाला भिडलं की झालं. ज्या गाडीचं वैशिष्ट्यच कमी चाकं हे, तिच्या नावाखाली चाकांचा सडा घालायचा म्हणजे काय म्हणावं! आमच्या गाडीत आता गजराच्या जुन्या घड्याळातली दोनच चाकं आहेत, आणि दोन्ही फिरतात.

बॉयलर समजायला मला पुस्तक लागलं नाही. आपल्या सासरी-माहेरी तांब्याचा बंब होता ना, तोच. मधे नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. स्टॅनलेच्या बॉयलरमध्ये अशी एक नळी नसून शेकडो बारीक नळ्या उभ्या असत, म्हणजे पाण्याला जास्तीत जास्त ठिकाणी ऊब लागते. आणि दाबाने फुटू नये म्हणून बाहेरून पियानोची पोलादी तार थरांवर थर गुंडाळलेली. आमच्याही बॉयलरला बारीक तार गुंडाळली आहे. ते काम माझं, कारण अंबाड्याला गजरा गुंडाळणाऱ्या हाताला ताण कसा धरायचा ते ठाऊक असतं.

ही गाडी किट आणून जोडलेली नाही. कोऱ्या कागदापासून सगळं घरीच. त्याला स्क्रॅचबिल्ड म्हणतात. आधी प्रमाण ठरवायचं. आम्ही एकास बारा घेतलं, म्हणजे खऱ्या गाडीतला एक फूट तो आपला एक इंच. त्या काळातल्या गाडीचं चाक तीस इंची धरलं तर मॉडेलला अडीच इंची कडं हवं. मैत्रिणींनो, अडीच इंच म्हणजे आपली दोन-आठची बांगडी! पितळी पाटल्यांचा एक जुना जोड आणि त्याच मापाच्या दोन बांगड्या, चार चाकं झाली. आरे सायकलच्या ब्रेकच्या तारेचे. सिलिंडरसाठी जुन्या रेडिओची एरियल, कारण तिच्या नळ्या एकात एक नेमक्या सरकतात. त्या सिलिंडरला वेगळी झडप नाही. तो स्वतःच डुलतो. एका बाजूला डुलला की वाफ आत यायचं भोक उघडं, दुसऱ्या बाजूला डुलला की बाहेर जायचं. दाबाचं घड्याळ म्हणजे बंद पडलेल्या लेडीज मनगटी घड्याळाची तबकडी. रिव्हेट म्हणून टाचण्यांची डोकी, ती मोजून एकशे बारा लागली.

पत्रा कापायच्या आधी प्रत्येक भाग पुठ्ठ्याचा करून बघायचा असतो. इथे आपण बायका पुरुषांच्या पुढे. ब्लाउजचं पेपर कटिंग ज्या बाईने केलंय तिला सपाट कागदातून गोलाई कशी काढायची, टक कुठे घ्यायचा, हे सांगावं लागत नाही. बॉनेटचा उतार ह्यांना दोनदा जमला नाही, तो मी मुंढ्याचा आकार धरून पहिल्या फटक्यात काढला. हे मी लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे.

सीटला चामडं लावतात, आपण ते लावणार नाही. सुती खणाचा तुकडा लावला आणि लाल-काळ्या खणावर पितळी टाचण्या इतक्या शोभल्या की चामड्याची आठवण कुणाला येणार नाही. सरसही आणला नाही, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो. रंगाचे ब्रश नायलॉनचे. आतापर्यंतचा खर्च सहाशे चाळीस रुपये, त्यात डाखाची तार आणि रंग हेच मोठे.

कोल्हापूरला हे काही नवं नाही. बाबुराव पेंटरांनी १९१८ मध्ये विष्णुपंत दामल्यांच्या साथीने चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२० ला 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांचं मूळ आडनावही मेस्त्रीच. अलीकडचं म्हणाल तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकी केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, खर्च साधारण साठ हजार. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि पुढच्या महिन्यात तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. या दोघांच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. कॅमेऱ्याने चित्र घ्यायला हवं होतं आणि गाडीने माणसं न्यायला हवी होती, म्हणून एकही भाग शोभेचा ठेवून भागलं नसतं.

इथेच नातवाने मला पकडलं. "आज्जी, प्रत्येक नळी खरी हवी म्हणतेस, मग वाफ पण खरी हवी की. स्पिरिटचा दिवा लावू या." प्रश्न बरोबर होता. मी दोन दिवस विचार केला आणि तरीही नाही म्हटलं.

पहिलं कारण कुकरचं. कुकरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो जादा दाब असतो. आमच्या बॉयलरचं झाकण पाच सेंटीमीटर व्यासाचं, आमटीच्या वाटीहून लहान. तेवढ्याशा झाकणाला आतून वीस किलोचा रेटा बसेल. कुकरला शिट्टी आहे, शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, आणि त्यामागे कारखान्यातली तपासणी आहे. आमचं झाकण घरी डाखाने जोडलेलं. साधा डाख १८३ अंशांपासून मऊ होतो. आत पाणी आहे तोवर ठीक, पाणी आटलं की भांडं बघता बघता त्याच्या पुढे तापतं, हे दूध लावून विसरलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. खरे वाफेचे मॉडेलवाले बॉयलर चांदीच्या झाळेने जोडतात, ती सहाशे अंशांच्या पुढे वितळते, आणि आधी आत थंड पाणी भरून पंपाने दाब देऊन बघतात. हुपरीत झाळ लावणारे हात भरपूर आहेत, पण दाबाची परीक्षा कोण घेणार? मोठ्या बॉयलरसाठी आपल्याकडे १९२३ पासून कायदा आहे आणि तपासायला इन्स्पेक्टर येतो. पंचवीस लिटरच्या आतलं भांडं त्या कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे टेबलावरच्या बॉयलरचा इन्स्पेक्टर घरातलंच कुणीतरी. आमच्या घरात ती मी, आणि मी सही केली नाही. मोबाइलवर पत्र्याचा डबा बंद करून खाली मेणबत्ती लावणारी मुलं दिसतात. तुमच्या घरात कुणी तसं करत असेल तर अभ्यासाला बस म्हणून ओरडू नका. वाफेला बाहेर पडायला वाट कुठे ठेवली आहेस, ते विचारा.

दुसरं कारण आपलं. स्वाध्यायाला येणाऱ्या एक काकी गाडी बघून म्हणाल्या, "हा अनर्थदंड नव्हे का?" मला राग आला नाही, शब्द नेमका होता. रत्नकरंडक श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातल्या प्रमादचर्येत माती, पाणी, अग्नी, वारा यांचा निष्फळ आरंभ येतो. स्वयंपाकाचा जाळ गृहस्थाला सुटत नाही. खेळण्याची वाफ बघायला लावलेला जाळ मला त्यात बसवता येईना. नातू म्हणाला, मग सायकलच्या पंपाने हवा मारू. वारासुद्धा त्याच यादीत आहे, म्हटलं. तो हसला.

पण काकींना मी एक विचारलं. लग्नात एका रात्रीपुरती हजारो दिव्यांची रोषणाई होते, दर सणाला न लागणारी साडी येते, तेव्हा हा शब्द आपल्या तोंडी येत नाही. विकत आणलेलं सगळं उपयोगाचं आणि हाताने केलेलं तेवढं निष्फळ, असं कसं? या टेबलावर एका मुलाला पाच महिन्यांत डुलता सिलिंडर कळला, प्रमाण कळलं, आणि वाकडी आलेली बांगडी भिरकावून न देता सरळ करायची सवय लागली. मी ते फळाच्या बाजूला लिहिते. काकी म्हणाल्या, बघू. त्यांचं मत बदललंय असं मला वाटत नाही.

आता गाडीला बाजूला एक छोटी मूठ बसवली आहे. बोटाने फिरवली की मागची चाकं फिरतात, सिलिंडर डुलतो, पिस्टन आत-बाहेर होतो, आणि वाफ कोणत्या भोकातून आली असती आणि कुठून गेली असती ते डोळ्यांना दिसतं. जाळ लावला असता तर लक्ष सगळं धुराकडे गेलं असतं, असं आता नातूच पाहुण्यांना सांगतो, जणू कल्पना त्याचीच होती.

पुढचे दोन कंदील राहिलेत. त्यासाठी औषधाच्या छोट्या बाटल्यांची पितळेसारखी झाकणं चालतील असं वाटतं. आणि हातपंपाला अजून एक बारीक नळी लागणार आहे. कुणाकडे जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, रविवारी मंदिरात येताना घेऊन या.