पैसे मोजण्याआधी दमट हवेचं विचारा

‘फोटोकॅटॅलिटिक’ असं ठळक छापलेला एअर प्युरिफायर घ्यायचा विचार असेल, तर दुकानदाराला दोन गोष्टी विचाराच. आत अतिनील दिवा आहे का? आणि चाचणी किती दमट हवेत घेतली?

फिल्टरवर असतो तो बहुतेकदा टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप. पदार्थ अस्सल आहे, भोंदूगिरी नाही. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली याच्यावर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन होतं हे जगापुढे मांडलं. पण त्याच्या नेहमीच्या अ‍ॅनाटेज रूपाला साधारण ३८८ नॅनोमीटरहून आखूड लहरींचा प्रकाश लागतो. घरातल्या एलईडीत तो जवळपास नसतोच. दिवा नसेल तर पुढचं बोलणंच नको.

दिवा असला तरी खरी मेख पाण्यात आहे. हवेतली वाफ या लेपावर बसतेच. जिथे पृष्ठभागावरचा ऑक्सिजनचा अणू निसटलेला असतो, तिथे पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल चिकटून राहतात. त्यामुळे पृष्ठभागाची विद्युत-वागणूकच बदलते. तिथून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सहसा कमी ऊर्जा पुरते. प्रकाशाने इलेक्ट्रॉन उसळला की मागे धन पोकळी उरते. ती पाण्याच्या या थरात अडकली, तर वास आणि वाफा मोडणारे जहाल रेणू तयार होतात. म्हणून हवा अगदीच कोरडी असेल तर काम मंदावतं. आणि कोकणातल्या आषाढात? तेव्हा पाण्याचे थर इतके चढतात, की थिनरमधल्या टोल्युइनला लेपावर टेकायला जागाच मिळत नाही.

अर्धवट मोडतोड तर त्याहून वाईट. इथेनॉलच्या वाफेचं असेटाल्डिहाइड होऊन तेच खोलीत फिरत राहू शकतं. तेव्हा बाहेर काय पडतं याचा अहवाल मागा. तो नसेल, तर दुकानातून बाहेर पडा.

हाच लेप असलेल्या, स्वतः स्वच्छ होणाऱ्या काचेबद्दल मात्र माझी फारशी तक्रार नाही. ती बाहेरच्या बाजूला असते, तिला ऊन मिळतं, पाऊस मिळतो. उन्हाने तिच्यावर पाणी थेंबाथेंबाने न राहता सपाट पसरतं आणि मळ घेऊन ओघळतं. पाऊस नसेल त्या महिन्यांत पाइपने पाणी मारा. फक्त काच बसवणाऱ्याला आधीच बजावा, की कडेला सिलिकॉन सीलंट लावू नको. ते काचेवर पसरलं की पाणी पुन्हा थेंबांतच राहतं.