टायर आतून खातोय, बॉस!

लोअर केलेली गाडी झकास दिसते, यात वादच नाही. चाकावरची ती चार बोटांची फट गेली की साध्या स्विफ्टलाही एकदम ॲटिट्यूड येतो. प्रश्न दिसण्याचा नाहीच, जे दिसत नाही त्याचा आहे.

माझा एक मित्र रोज कोथरूड-हिंजवडी अप-डाउन करतो. त्याने जुन्या स्विफ्टला बाहेरच्या स्प्रिंग घालून गाडी 40 मिलिमीटर खाली बसवली. त्याच संध्याकाळी अलाइनमेंटही उरकलं. टो हिरव्यात, हातात प्रिंटआउट, स्वारी खूश! पाच महिन्यांनी पंक्चरवाल्याने पुढचं चाक उतरवलं. बाहेरच्या बाजूला टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी आणि आतल्या कडेला चक्क तारा बाहेर आलेल्या. आदल्याच रविवारी हा प्राणी आई-बाबांना घेऊन एक्स्प्रेस वेवरून मुंबईला जाऊन आला होता. ताशी शंभरने. त्याच टायरवर.

पुढच्या अलाइनमेंटला मी मुद्दाम सोबत गेले. स्क्रीनवर कॅम्बर लालभडक, टोही बिघडलेला. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "मॅडम, या गाडीत कॅम्बरला ॲडजस्टमेंट नसते. टो करून देतो." खोटं नव्हतं ते. कंपनीच्या स्विफ्टमध्ये पुढे फक्त टाय रॉड फिरवून टो बदलता येतो. कारण कंपनीने गाडी ठरावीक उंचीवर उभी राहील असंच धरलेलं असतं. मशीनमधले आकडेही त्याच उंचीचे. उंची आपण बदलली, आकडे कोण बदलणार?

आता जरा सोपं करून सांगते. गाडी खाली गेली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, कबड्डीपटू पाय फाकवून उभा राहतो ना, तसा. हा निगेटिव्ह कॅम्बर. शिवाय खालच्या आर्मचा आणि टाय रॉडचा कोन बदलतो, पण दोन्ही सारखे बदलत नाहीत. त्यामुळे टोही हलतो. टो म्हणजे पावलांची दिशा: चवडे आत की बाहेर. कॅम्बर दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच नावाने बोटं मोडतात. खरा खादाड टो आहे. हिशेब करून बघा: एका चाकाचा टो 1 अंशाने चुकला, तर प्रत्येक किलोमीटरमागे तो टायर सुमारे साडेसतरा मीटर आडवा फरफटतो. 150 किलोमीटरच्या पुणे-मुंबईत अडीच किलोमीटरहून जास्त! त्यात भार आधीच आतल्या कडेवर. मग तारा नाही दिसणार तर काय?

मित्राच्या गाडीचं गणित बिघडलं ते घाईने. नव्या स्प्रिंग बसायला थोडं अंतर चालवावं लागतं. त्याच दिवशी केलेला टो ज्या उंचीवर केला, ती उंचीच नंतर राहिली नाही. शिवाय आर्मचे बुश गाडी जॅकवर लटकलेली असतानाच आवळले होते. ते चाकं जमिनीवर, वजन पडलेलं असताना आवळायला हवेत, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

म्हणून आधी बुश, मग शे-दोनशे किलोमीटर फिरणं, मग हवा तपासून अलाइनमेंट. त्यातही कॅम्बर आधी. स्ट्रट जिथे चाकाच्या नकलला बसतो, तिथल्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकला की साधारण एक-दीड अंश मिळतो. जास्त हवं असेल तर वर कॅम्बर प्लेट. टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. स्टिअरिंग सरळ लॉक केलंय ना, तेही बघा. मागच्या ॲक्सलला फिरवायला काहीच नाही, फार तर हबमागे शिम. कुणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट 'ओढून देतो' म्हणालं, तर हात जोडून बाहेर पडा. वाकलेल्या लोखंडावर घरच्यांना बसवायचं नसतं.

मित्राने बोल्ट टाकले, दोन नवे टायर घेतले. स्प्रिंग मात्र काढल्या नाहीत. 'पोरगी' आहे म्हणे ती त्याची!

आणखी एक भानगड उरतेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आला, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. अलाइनमेंट कितीही हिरवं असलं तरी चौकात मामा प्रिंटआउट बघत नाहीत. मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "बघू." तोवर दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च मारून टायरची आतली कड बघायची, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.