विश्लेषण : वसई-विरारचा ऑनलाइन ‘फायटिंग’ सराव; खेळ, जुगार की नुसता टाइमपास?

ऑफिस सुटल्यावर चर्चगेटहून विरार लोकल पकडायची, साधारण ६० किलोमीटरचा प्रवास करून घर गाठायचं, जेवायचं आणि रात्री साडेदहाला कंट्रोलर हातात घ्यायचा. एक मित्र नालासोपाऱ्यात, दुसरा वसईत, तिसरा नोकरीसाठी दुबईत. ‘स्ट्रीट फायटर ६’ किंवा ‘टेकन ८’ची रूम उघडली, की चौघेही एका ठिकाणी. वसई-विरारमधल्या अनेक तरुणांची रात्र आज अशी जाते.

पण ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ऑनलाइन गेमिंगवर बंदी’ अशा बातम्या आल्या आणि घराघरात एक प्रश्न विचारला जाऊ लागला: हे जे तू रोज खेळतोस, ते आता बेकायदेशीर आहे का? दुसरीकडे हेच गेम आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकासाठी खेळले जातात. मग रोज रात्रीचं हे खेळणं नेमकं कशात मोडतं? आणि त्यातून खेळ खरंच सुधारतो का?

कायद्याने नेमकं काय बंद केलं?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक’ २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. या कायद्याने सगळ्या गेमना एका दावणीला बांधलेलं नाही. त्याने तीन गट केले आहेत.

पहिला गट ‘ऑनलाइन मनी गेम’चा. जिंकून जास्त पैसे मिळतील या आशेने खेळणारा माणूस पैसे भरतो किंवा लावतो, असे गेम यात येतात. तो गेम कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने फरक पडत नाही. बंदी आहे ती या गटावर.

दुसरा गट ‘ऑनलाइन सोशल गेम’चा. करमणुकीसाठी किंवा कौशल्य वाढवण्यासाठी खेळायचे, पैसे न लावता खेळायचे गेम यात आहेत. त्यासाठी सबस्क्रिप्शन किंवा एकदाच भरायची रक्कम चालते, फक्त ती पैज नसावी.

तिसरा गट ‘ई-स्पोर्ट्स’चा. ठरलेल्या नियमांनी होणाऱ्या, मान्यता आणि नोंदणी असलेल्या स्पर्धा यात येतात. तिथे प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, पण सट्टा चालत नाही.

म्हणजे गेम विकत घेऊन, प्लेस्टेशनची सबस्क्रिप्शन भरून मित्रांशी दहा मॅच खेळणं हे सरळ दुसऱ्या गटात बसतं. त्यात बेकायदेशीर काही नाही.

शंभर-शंभर रुपये लावले तर?

खरी अडचण इथे आहे. ‘हरेल त्याने वडापाव द्यायचा’ ही पैज मित्रांमध्ये नेहमीचीच. पण समजा, सोळा जणांनी यूपीआयवर प्रत्येकी शंभर रुपये गोळा केले, ऑनलाइन स्पर्धा घेतली आणि जमलेले सोळाशे रुपये विजेत्याला दिले. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ही स्पर्धा आहे. कायद्याच्या व्याख्येकडे पाहिलं तर मात्र पैसे भरले आहेत, जास्त पैसे मिळण्याची आशा आहे, आणि मान्यता किंवा नोंदणी नाही. त्यामुळे हा प्रकार पहिल्या गटाच्या धोकादायकरीत्या जवळ जातो.

शिक्षा कोणाला, हेही पाहायला हवं. मनी गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्यासाठी दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंतची तरतूद आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार मानायचं नाही, अशी सरकारची भूमिका आहे. त्यामुळे जोखीम येते ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्साहाने पैसे गोळा करणाऱ्याच्या डोक्यावर.

‘आम्ही सगळे एका हॉलमध्ये जमून खेळलो, मग ते ऑनलाइन कसं?’ हा बचावही भक्कम नाही. इंटरनेट किंवा इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या इतर तंत्रज्ञानावर चालणारा गेम, अशी कायद्यातली व्याख्या व्यापक आहे. खेळाडूंकडून पैसे न घेता एखाद्या दुकानदाराने किंवा मंडळाने बक्षीस ठेवलं, तर ‘पैसे लावणं’ हा मुद्दाच उरत नाही. छोट्या स्पर्धेसाठी हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे.

मित्र पुढच्या स्टेशनवर, मग लॅग कुठून येतो?

कायद्याचा प्रश्न सुटला तरी रोजचं भांडण वेगळंच असतं: ‘तुझं नेट खराब आहे’, ‘नाही, तुझंच आहे’.

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतात. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. ‘स्ट्रीट फायटर ६’मधला झटपट ठोसा चार फ्रेममध्ये लागतो. म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात खेळ फिरतो. क्रिकेटच्या किंवा गाड्यांच्या गेममध्ये न जाणवणारा उशीर इथे डोळ्यात खुपतो.

आता अंतर बघू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. वसई ते विरार हे अंतर त्याच्यासाठी काहीच नाही. मुंबई ते दुबई, साधारण १,९०० किलोमीटर, हेसुद्धा सरळ रेषेत एका फ्रेमच्या आत पार होतं. टोरांटोला गेलेल्या मित्राची गोष्ट वेगळी. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे एका बाजूनेच जवळपास चार फ्रेम, आणि केबल कधीच सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त.

मग शेजारच्या मित्राशी खेळताना गेम का अडखळतो? दोन कारणं नेहमीची. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असतील, तर नालासोपाऱ्यातून निघालेला डेटा थेट विरारला जात नाही. तो आधी मुंबईतल्या किंवा आणखी लांबच्या जोडणीच्या ठिकाणी जातो आणि मग परत येतो. जणू नालासोपाऱ्याहून विरारला जायला आधी दादर गाठायचं.

दुसरं कारण घरातच असतं, ते म्हणजे वाय-फाय. दाटीवाटीच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटमध्ये एक राउटर असतो आणि सगळे त्याच लहरींवर बोलत असतात. स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, पण फायटिंग गेमला वेग फारच थोडा लागतो. त्याला हवा असतो सातत्यपूर्ण वक्तशीरपणा. दर वेळी ४० मिलिसेकंद लागले तर हात त्याला सरावतो. कधी २०, कधी १५० लागले तर कुणीच सरावू शकत नाही. म्हणून राउटरपासून कन्सोलपर्यंत टाकलेली साधी लॅन केबल महागड्या प्लॅनपेक्षा जास्त उपयोगी पडते. पावसाळ्यात दिवे गेले की मॅच तुटू नये म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेणं, हा पुढचा उपाय. अर्थात टीव्ही आणि कन्सोलही त्यावर असतील तरच.

‘रोलबॅक’ने काय बदललं?

पूर्वीचे बहुतेक ऑनलाइन फायटिंग गेम समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत थांबायचे. नेट डगमगलं की पात्रं पाण्यात चालल्यासारखी दिसायची. २००६ मध्ये अमेरिकेतल्या टोनी कॅनन यांनी ‘जीजीपीओ’ ही प्रणाली लिहिली. ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या सर्वात मानाच्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी ते एक.

कल्पना साधी आहे. समोरच्याची माहिती यायला उशीर झाला तर गेम थांबत नाही. तो आधी जे करत होता तेच अजूनही करतोय, असा अंदाज बांधून गेम पुढे जातो. खरी माहिती आल्यावर अंदाज चुकला असेल, तर दोन-तीन फ्रेम मागे जाऊन चूक दुरुस्त करतो. माणूस सेकंदाला साठ वेळा बटण बदलत नाही, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. ‘स्ट्रीट फायटर ६’ (२०२३) आणि ‘टेकन ८’ (२०२४) या दोन्हींत ही पद्धत आहे. शिवाय प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाले एकमेकांशी खेळू शकतात. एकाच ग्रुपमध्ये एकाकडे कन्सोल आणि दुसऱ्याकडे सेकंडहँड पीसी असला, तरी आता अडत नाही.

तेच मित्र, तोच खेळ. मग सुधारणा होते का?

होते, पण एका मर्यादेपर्यंत. रोज त्याच तिघांशी खेळलं की त्या तिघांना हरवायची कला येते. एक मित्र सतत उडी मारून येतो म्हणून तुम्ही उडी थांबवायला शिकता. अनोळखी खेळाडू उडी मारतच नाही आणि तुमचा खेळ कोसळतो. गल्ली क्रिकेटमध्ये ऑफ साइडला भिंत असल्याने लेगलाच मारायची सवय लागते, तसंच हे.

ऑनलाइन सवयीही फसव्या असतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २५० मिलिसेकंद, म्हणजे १५ फ्रेम लागतात. उरल्या ११. त्यातून टीव्ही आणि कंट्रोलरचा उशीर वजा करा, मग नेटचा. लक्ष दुसरीकडे असेल तर उत्तर द्यायला वेळच उरत नाही. त्यामुळे खराब नेटवर जिंकणारी चाल चांगल्या नेटवर हमखास पकडली जाते. ‘ही चाल चांगली आहे की समोरच्याला दिसली नाही?’ हा प्रश्न स्वतःला विचारणं, ही सुधारण्याची पहिली पायरी.

यावर उपाय गेममध्येच आहेत. ‘स्ट्रीट फायटर ६’च्या सराव विभागात प्रत्येक चालीच्या फ्रेम पट्टीवर दिसतात. समोरच्याची चाल अडवल्यावर आपली पाळी येते की त्याचीच राहते, हे तिथे कळतं. ‘टेकन ८’मध्ये रिप्ले पाहताना मध्येच ताबा घेऊन तीच परिस्थिती पुन्हा खेळता येते. हरलेल्या मॅचमधली एकच चूक निवडायची, ती पंधरा मिनिटं घोटवायची आणि मगच मित्रांच्या रूममध्ये जायचं. लांबच्या प्रवासानंतर हाताशी एकच तास असतो, त्यात हे जमण्यासारखं आहे.

मित्रांचा खरा उपयोग वेगळा आहे. अनोळखी खेळाडू जिंकून निघून जातो, मित्र मात्र ‘तू दर वेळी उठताना बटण दाबतोस’ हे तोंडावर सांगतो. सलग दहा विजय जो आधी मिळवेल तो जिंकला, अशी लांब लढत ठेवली तर एकाच युक्तीवर निभाव लागत नाही. दोघांनाही बदलावं लागतं.

लाहोरच्या अर्सलान सिद्दीकीने, ‘अर्सलान ॲश’ने, २०१९ मध्ये जपान आणि लास वेगास अशा दोन्ही ‘इव्हो’ स्पर्धा ‘टेकन ७’मध्ये जिंकल्या. तोपर्यंत या गेमच्या जागतिक नकाशावर पाकिस्तान जवळपास नव्हताच. तो घडला शहरातल्याच खेळाडूंशी शेजारी बसून केलेल्या सरावातून. एका शहराचं वर्तुळही जागतिक दर्जाचा खेळाडू घडवू शकतं, फक्त ते तीन-चार जणांचं असून चालत नाही.

आशियाई स्पर्धा किती लांब?

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३ मध्ये झालेल्या) ई-स्पोर्ट्स पहिल्यांदा पदकांसाठी खेळले गेले. ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले, पण पदक मिळालं नाही. सुवर्ण जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी. ‘हे पोरासोरांचं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा पुरेसा आहे. १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात ठरलेल्या आयची-नागोया स्पर्धेच्या यादीतही ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि ‘टेकन ८’ आहेत.

भारतात अडचण गेमची कमी आणि साधनांची जास्त आहे. आपलं गेमिंग मोबाइलवर वाढलं, ‘बीजीएमआय’सारख्या गेमवर. फायटिंग गेमला कन्सोल किंवा बरा पीसी आणि कंट्रोलर लागतो. नव्वदच्या दशकात हा खर्च व्हिडिओ गेम पार्लर उचलायचं. नाणं टाकायचं, ‘मुस्तफा’ किंवा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळायचं, आणि मागे उभा असलेला पुढचा प्रतिस्पर्धी आपोआप मिळायचा. पार्लर गेली, तशी अनोळखी माणसाशी समोरासमोर खेळायची जागाही गेली.

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या मोठ्या शहरात महिन्यातून एका रविवारी चार टीव्ही लावण्यापुरता हॉल मिळाला, प्रवेश शुल्क न घेता, तर रोज रात्री चार-चार जणांत अडकलेली वर्तुळं एकमेकांना भेटतील. तोवर घरच्यांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं: पैसे लावत नसाल, तर मित्रांशी खेळणं कायदेशीर आहे. आणि हरलेली एक मॅच रोज पुन्हा पाहत असाल, तर ते टाइमपासच्या थोडं पुढे गेलेलं आहे.