स्त्रीपार्टीची चोळी आणि समीक्षेचा संकोच

मराठी नाट्यसमीक्षा स्त्रीपार्टी नटाचा गळा, नजर आणि शालू यांपाशीच प्रायः थांबते. बालगंधर्वांची भामिनी (१९११) वा सिंधू (१९१९) यांवर विपुल लिहिले गेले; तथापि पुरुषाच्या सपाट छातीवर स्त्रीदेह कसा रचला जातो, हा प्रश्न अशिष्ट मानून टाळला गेला. वस्तुतः तो अभिनयाचाच प्रश्न आहे. कापसाची भर हलकी. हालचालीबरोबर ती वर सरकते. म्हणून चोळी घट्ट बेतावी लागते, आणि पुरुषी छाती रुंद असल्याने घेर मात्र वाढवावा लागतो. भरीला वजन असले की नटाचे खांदे, चाल, पदर सावरण्याची लकब, सारेच बदलते.

याउलट मराठी तमाशापटांतील गणपत पाटलांचा नाच्या बहुधा पुरुषी वेशातच, निव्वळ हावभावांनी बायकी ठरतो. गंधर्वांच्या वाट्याला पूजा आली, नाच्याच्या वाट्याला हसे. (आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील पैलवानी देहाच्या गुणाची शोकांतिका येथूनच सुरू होते.) संपूर्ण रचलेला स्त्रीदेह वंद्य आणि अर्धामुर्धा हास्यास्पद, या विभागणीमागे केवळ कलागुणांचा निकष होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कोकणातील दशावतारात स्त्रीभूमिका आजही प्राधान्याने पुरुषच करतात. चोळी भरण्याचे त्यांचे तंत्र अभ्यासकांना तेथे प्रत्यक्ष विचारता येते.