निरोगी पाठीस उपचार कशाला?

ज्या पूर्वजांनी मॉरिशसच्या ऊसमळ्यांत करारबद्ध मजूर म्हणून पाठ वाकविली, त्यांच्या वंशजांस कण्याचे मोल निराळे सांगावयास नको. आज साउथहॅम्प्टनमध्ये कोणी रुग्णालयात, कोणी गोदामात राबून संसार चालवितो. अशा कष्टकऱ्यास ‘दुखत नसले तरी दरमहा कणा सारखा करून घ्यावा’ असा सल्ला मिळाला, तर तो मोहात पडल्यास नवल नाही. तथापि मोह आणि हित यांत भेद केला पाहिजे.

कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. शंभरांतील पंचाण्णव रोग मणके सरकल्याने होतात, असे त्यांचे मत होते. आधुनिक वैद्यकाने ते स्वीकारलेले नाही. साउथहॅम्प्टनपासून जवळच, बोर्नमथ येथे, १९६५ साली या विद्येचे महाविद्यालय निघाले. १९९४ च्या कायद्याने नोंदणीवाचून कोणासही कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. तेव्हा सरसकट भोंदूपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. दुखऱ्या कंबरेस, व्यायामाच्या जोडीने, हातांच्या उपचारांचा उपयोग होऊ शकतो.

परंतु ज्यास काहीच दुखत नाही, त्याचे काय? अशा उपचाराने रोग टळतात याचा पुरावा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यास आढळला नाही. त्याच वर्षीच्या स्वीडनमधील प्रयोगात नियमित उपचार घेणाऱ्यांचे त्रासाचे दिवस वर्षाकाठी सुमारे १३ ने घटले, हे खरे. पण ते सारे वारंवार कंबर धरणारे आणि पहिल्याच उपचारांनी गुण आलेले रुग्ण होते. त्यांचा दाखला निरोग्यास देणे म्हणजे अधू दृष्टीच्या माणसाचा चष्मा डोळसास चढविणे होय.

साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवर झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. उठण्या-बसण्याची नीट रीत शिकविणाऱ्या अलेक्झांडर पद्धतीचे २४ पाठ घेतलेल्यांस वर्षानंतर चार आठवड्यांत साधारण ३ दिवस दुखणे राहिले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांस २१ दिवस. मालिशचा गुण मात्र वर्षाअखेर बराच ओसरला. दुसऱ्याने केलेले विरते, स्वतः शिकलेले टिकते, हाच त्याचा बोध. पाठदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवरील ऑस्ट्रेलियातील प्रयोगात (२०२४), चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले, इतरांचे ११२ दिवसांनी.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार जन्मभर केला. त्यांचे पुस्तक १९३८ साली लंडनमध्येही निघाले. सूर्यनमस्कारास आणि पायी चालण्यास दाम पडत नाही. दुखणे आल्यास उपचार अवश्य घ्यावा. पायांतील बळ गेले किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. पण निरोगी पाठीसाठी दरमहा पैसे मोजण्याआधी ‘याने माझे काय टळणार, आणि पुरावा कोणता?’ एवढे विचारण्याचे धैर्य प्रत्येकाने दाखवावे.

पूर्वजांच्या पाठीवर दुसऱ्याची सत्ता होती. वंशजांनी आपली पाठ आपल्याच हाती ठेवावी.